लक्षणें सारखीं, रोग निराळे



पोटांत कळा येणें, वारंवार शौचास होणें, मळांतून रक्त व आंव पडणें, अंगांत बारीक ताप राहणें आणि शरीर झिजत जाणें, हीं लक्षणें आपणां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु तीं एकाच रोगाचीं नव्हेत. आमांश, आंतड्यांचा क्षय आणि कोणताहि एक जंतु कारण म्हणून न सांपडणारे आंतड्यांचे चिवट दाह, हे सारे रोग प्रथमदर्शनीं एकाच वेषांत दारीं येतात. त्यांस वेगवेगळें ओळखण्याची विद्या वैद्यकास कशी साध्य झाली, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१८५९ सालच्या मे महिन्याच्या ३ तारखेस लंडनजवळील रिचमंड येथें इझाबेला बँक्स नांवाची स्त्री उलट्या व अतिसार यांनीं मरण पावली. टॉमस स्मेथर्स्ट या डॉक्टरानें पहिली बायको हयात असतांना तिच्याशीं लग्न लावलें होतें, आणि मृत्यूच्या थोडेच दिवस आधीं तिनें आपलें मृत्युपत्र त्याच्या नांवें केलें होतें. संशयास एवढें पुरेसें होतें. नामांकित विषतज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांना रासायनिक परीक्षेंत सोमल आढळला. पुढें असें उघड झालें कीं, एका बाटलींतील औषधांत सांपडलेला सोमल टेलर यांनीं परीक्षेस वापरलेल्या तांब्यांतूनच आला होता. तरीहि ज्यूरीनें स्मेथर्स्टला दोषी ठरविलें व त्यास फांशीची शिक्षा झाली. तेव्हां गृहमंत्र्यांनीं सर बेंजामिन ब्रोडी यांचें मत मागविलें. विषप्रयोग निःसंशय सिद्ध होत नाहीं, असें ब्रोडी यांनीं कळविलें आणि स्मेथर्स्टचे प्राण वांचले. दुसऱ्या लग्नाबद्दल मात्र त्याला एक वर्षाची कैद भोगावी लागली.

त्याच वर्षीं गाय्ज हॉस्पिटलचे डॉ. सॅम्युएल विल्क्स यांनीं त्या स्त्रीच्या आंतड्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. लहान आंतड्याचा शेवटचा भाग व मोठें आंतडें यांस तीव्र दाह झालेला होता. तें वर्णन वाचून पुढील काळांतील अनेक तज्ज्ञांनीं म्हटलें आहे कीं, हा आज क्रोनच्या नांवानें ओळखला जाणारा रोग असावा. रोगास अद्याप नांव नव्हतें, आणि तेवढ्यानें एक मनुष्य फांसाच्या दोरीपर्यंत जाऊन पोंचला.

लक्षणांवरून रोग ठरविण्याची पद्धति जुनी व आदरणीय होय. आपल्या माधवनिदानांतहि अतिसार आणि ग्रहणी यांचीं प्रकरणें वेगळीं आहेत. तथापि डोळ्यांस न दिसणारें कारण दाखविलें तें सूक्ष्मदर्शकानें. १८७५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें ल्योश यांनीं आमांशाच्या रोग्याच्या मळांतील अमीबाचें वर्णन केलें. १८८२ सालीं कॉख यांनीं क्षयाचा जंतु दाखविला. १८९७ सालीं जपानांतील साथींत शिगा यांनीं आमांशाचा दुसराच एक जंतु शोधून काढला. एका आमांशाचे असे दोन झाले, तसे उपचारहि दोन झाले. १९१२ सालीं कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनीं एमेटीन टोचून अमीबाच्या आमांशास गुण आणला. शिगाच्या जंतूवर त्या औषधाचा उपयोग नव्हता.

परंतु कांहीं रोग्यांत कोणताच जंतु सांपडेना. मोठ्या आंतड्याच्या व्रणयुक्त दाहाचें वर्णन विल्क्स व मॉक्सन यांनीं १८७५ सालींच केलें होतें. १९१३ सालीं ग्लासगोचे शस्त्रवैद्य डॅल्झील यांनीं क्षयासारखा दिसणारा, पण क्षयाचे जंतु नसलेला आंतड्यांचा विकार वर्णिला. १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलांतील क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनीं अशा १४ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. क्रोनचा रोग मध्येंमध्यें निरोगी जागा सोडून आंतड्याची सर्व जाडी व्यापतो. व्रणयुक्त दाह गुदाशयापासून सलग वर चढतो व बहुधा आंतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोनचा रोग मोठ्या आंतड्यासहि होतो, हें लॉकहार्ट-ममरी व मॉर्सन यांनीं १९६० सालीं स्पष्ट केलें.

त्वचाहि अशीच फसविते. नडग्यांवर उठणाऱ्या लाल, दुखऱ्या गांठी क्षयांत येतात, घशाच्या जंतुदोषानंतर येतात, आणि क्रोनच्या रोगांतहि येतात. १९३० सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें ब्रन्स्टिंग, गेकरमन व ओलिअरी यांनीं झपाट्यानें पसरणाऱ्या, जांभळ्या कडेच्या व्रणांच्या पांच रोग्यांचें वर्णन केलें. त्यांपैकीं चौघांस आंतड्यांचा व्रणयुक्त दाह होता. कारण जंतुजन्य मानून त्यांनीं यास पायोडर्मा गँग्रिनोझम असें नांव दिलें. पुढें कळून आलें कीं, येथें शरीराची संरक्षक शक्तीच स्वतःच्या अंगावर उलटलेली असते. कुजलेला भाग समजून कापूं गेल्यास हा व्रण वाढतो. दाह शमविणाऱ्या औषधानें तो भरूं लागतो.

पण तेंच औषध दुसऱ्या रोगांत घात करितें. ट्रुलव्ह व विट्स यांनीं १९५५ सालीं व्रणयुक्त दाहावर कॉर्टिझोनचा गुण सिद्ध केला. आंतड्यांत क्षय लपलेला असतांना हेंच स्टेरॉइड एकटें दिलें तर क्षय पसरतो. क्षयाचा सुळसुळाट असलेल्या आपल्या देशांत हा प्रश्न रोजचा आहे, कारण क्षय व क्रोनचा रोग हे दोघेहि लहान आंतड्याच्या शेवटास बसतात आणि दोघेहि तेथें बारीक गांठी उत्पन्न करितात. क्षयाच्या गांठीचा गाभा चक्क्यासारखा होतो, पण तो प्रत्येक तुकड्यांत दिसेलच असें नाहीं. म्हणून दुर्बिणीनें काढलेला तुकडा, जंतूंची परीक्षा व छातीचें चित्र यांची सांगड घालावी लागते. आणि कधीं कधीं क्षयाचें औषध देऊन व्रण भरतात किंवा नाहीं, हें पाहण्यांत महिने जातात.

रोग्याच्या घरीं हे महिने फार जड जातात. अशा वेळीं शेजाऱ्यास गुण आलेली गोळी आणून देण्याचा मोह होतो. शेजाऱ्याचीं लक्षणें तींच असतात, रोग मात्र दुसरा असूं शकतो. म्हणून डॉक्टरानें आणखी एक तपासणी सांगितली तर तिला नाहक विलंब समजूं नये. रोगाचें खरें नांव ठरल्यावांचून त्याचें औषध ठरत नाहीं.