ध्वनिमुद्रित ऑपेराची पारख : कारुसो ते 'तोस्का'

इटालियन ऑपेराचे ध्वनिमुद्रण ऐकून त्यातील गायक आणि संचालक यांचे मूल्यमापन करण्याची प्रथा विसाव्या शतकात घडली. ग्रामोफोनपूर्वी ऑपेराचा निवाडा नाट्यगृहातच, त्या रात्रीच्या टाळ्यांनी किंवा शिट्ट्यांनी होत असे. दुसऱ्या दिवशी उरत असे ती आठवण आणि वृत्तपत्रातील परीक्षण. तबकडीमुळे तोच प्रयोग पुन्हापुन्हा ऐकता येऊ लागला, दोन शहरांतले किंवा दोन पिढ्यांतले गायक एकाच संध्याकाळी शेजारीशेजारी ठेवून तोलता येऊ लागले आणि पारखीचे निकष सूक्ष्म झाले. मात्र हे निकष प्रत्येक काळात यंत्राच्या मर्यादांनीही ठरवले, आणि ते ध्यानात न घेता केलेला निवाडा अनेकदा गायकावर किंवा संचालकावर अन्याय करणारा ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीत संचालक हे स्वतंत्र पद स्थिरावलेले नव्हते. वाद्यवृंदाची धुरा मुख्य व्हायोलिनवादक सांभाळत असे आणि प्रेक्षक येत ते गायकांसाठी. अँजेलो मारिआनी यांच्यासारख्यांमुळे हातात काठी घेऊन संपूर्ण प्रयोगावर अधिकार गाजवणारा संचालक त्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आला. या बदलाकडे संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी सावधपणे पाहत होते. गायक आणि संचालक प्रत्येक प्रयोगात नवनिर्मिती करतात या कल्पनेला त्यांनी प्रकाशक जूलिओ रिकोर्दी यांना १८७१ मध्ये लिहिलेल्या पत्रात ठाम विरोध केला. संगीतकाराने लिहिले ते साधेपणाने आणि अचूक सादर व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. लिहिलेल्या स्वरलिपीशी निष्ठा हा निकष पुढे ध्वनिमुद्रणांच्या परीक्षणात ठाण मांडून बसला, त्याचे मूळ या वादात आहे.

एप्रिल १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी मिलानमधील एका हॉटेलच्या खोलीत तरुण एन्रिको कारुसो यांच्या दहा तबकड्या मुद्रित केल्या. साथीला फक्त पियानो होता. त्याच वर्षाअखेरीस गाइसबर्ग कलकत्त्यात गायिका गौहरजानचा आवाज मुद्रित करत होते, म्हणजे इटालियन ऑपेरा आणि हिंदुस्थानी संगीत एकाच तंत्रज्ञाच्या हातून, एकाच प्रकारच्या यंत्रावर आणि जवळजवळ एकाच वेळी तबकडीवर उतरले. दोन्हीकडे अडचण सारखीच होती. गाणे कर्ण्यासमोर गावे लागे, तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे, आणि तेवढ्यात ख्याल किंवा आरिया, म्हणजे ऑपेरातील एकल गान, बसवावे लागे. कर्ण्याला पुरुषांचे भरीव आवाज मानवत, तर स्त्रियांचे उंच स्वर अनेकदा बारीक आणि कोरडे उमटत. वाद्यवृंद मूठभर वादकांचा असे, आणि मंद्र तंतुवाद्यांच्या जागी पितळी वाद्ये बसवली जात. अशा मुद्रणातून संचालनाची पारख होणेच अशक्य होते, म्हणून पहिल्या पाव शतकातील रसिकांनी फक्त गळा पारखला. स्वर एकमेकांत न तुटता गुंफणे म्हणजे लेगातो. एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेसारखे सरकणे म्हणजे पोर्तामेंतो. एकच स्वर फुलवत नेऊन पुन्हा मंद करणे म्हणजे मेस्सा दि व्होचे. हे निकष गायनशिक्षणात जुनेच होते, पण सामान्य श्रोत्याला ते तबकडीने शिकवले.

१९२५ मध्ये विद्युत मुद्रण आले आणि मायक्रोफोनने संपूर्ण वाद्यवृंद टिपला. तेव्हापासून संचालक खऱ्या अर्थाने ऐकू येऊ लागला. आर्तुरो तोस्कानिनी यांनी १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरीनमध्ये पुच्चिनी यांच्या 'ला बोएम'चा पहिला प्रयोग संचालित केला होता. पन्नास वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये रेडिओवरून तोच ऑपेरा सादर केला आणि त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात लयीची धारदार शिस्त आहे, गायकांना स्वर ताणत बसण्याची मुभा नाही, आणि वृद्ध संचालकाचे स्वतःचे गुणगुणणेही अधूनमधून ऐकू येते. या ध्वनिमुद्रणाला ऐतिहासिक पुराव्याचे मोल आहे. परंतु प्रक्षेपणाचा स्टुडिओ फारसा घुमारा नसलेला होता, त्यामुळे वाद्यवृंदाचा जो कोरडेपणा जाणवतो तो सगळा संचालकाच्या माथी मारणे योग्य नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आणि १९४८ मध्ये बाजारात आलेली दीर्घकाळ वाजणारी तबकडी यांनी चित्र पालटले. आता एक अंक सलग ऐकता येई, आणि एकच प्रसंग अनेकदा मुद्रित करून त्यातील उत्तम भाग फितीवर जोडता येत. या तंत्राचा सर्वात प्रसिद्ध नमुना म्हणजे ऑगस्ट १९५३ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात मुद्रित झालेला पुच्चिनी यांचा 'तोस्का'. तोस्काच्या भूमिकेत एकोणतीस वर्षांच्या मारिआ कॅलास, तिचा प्रियकर चित्रकार काव्हारादोस्सी म्हणून जुझेप्पे दि स्तेफानो, क्रूर पोलीसप्रमुख स्कार्पिया म्हणून तितो गोब्बी, संचालक व्हिक्टर दे साबाता आणि निर्माता वॉल्टर लेग अशी ही जुळणी होती. लेग यांनी नंतर नमूद केल्याप्रमाणे गोब्बी यांना पहिल्या अंकातील आपला भाग तीस वेळा गावा लागला, आणि दुसऱ्या अंकातील एकाच ओळीवर कॅलास यांनी अर्धा तास मेहनत घेतली.

पहिल्या अंकाच्या शेवटी चर्चमध्ये विजयाची प्रार्थना चालू असते. घंटा दोनच स्वरांवर संथपणे झुलत राहते, दुरून तोफा ऐकू येतात, समूहगान चढत जाते, आणि त्यावर स्कार्पिया आपली वासना आणि आपला कट मनाशी बोलत राहतो. घंटेचा ठेका बदलत नाही, म्हणून लय वाढवून उत्कर्ष साधण्याची सोपी वाट संचालकाला बंद असते. त्याला केवळ ध्वनीचा भार हळूहळू वाढवत न्यावा लागतो, आणि तो घाईने वाढवला तर शेवटासाठी काहीच शिल्लक राहत नाही. दे साबाता यांनी हा चढ असा बांधला आहे की गोब्बी यांचा आवाज शेवटपर्यंत समूहगानाखाली दबत नाही. इथे गोब्बी यांच्या शब्दोच्चाराचे श्रेय किती, संचालकाचे किती आणि तंत्रज्ञांनी साधलेल्या समतोलाचे किती, हे वेगळे काढता येत नाही.

दुसऱ्या अंकाचा शेवट याहून कठीण आहे. स्कार्पियाचा खून केल्यावर तोस्का बोटे धुते, केस सावरते, मृताच्या मुठीतला परवाना काढून घेते, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या आणि छातीवर क्रूस ठेवते. या संपूर्ण मूकाभिनयात गायन जवळजवळ नाही आणि ध्वनिमुद्रणात रंगमंच दिसत नाही, म्हणून कथा सांगण्याची जबाबदारी एकट्या वाद्यवृंदावर येते. दे साबाता यांनी इथे रुबातो, म्हणजे लय किंचित ताणून आणि सैल सोडून साधलेली लवचीकता, इतक्या संयमाने वापरली आहे की प्रत्येक हालचालीला तिचा अवधी मिळतो. मधली एकमेव ओळ एकाच खालच्या स्वरावर आहे आणि ती बहुतेक गायिका गाण्याऐवजी बोलून टाकतात. कॅलास त्या ओळीत तिरस्कार आणि थकवा एकत्र आणतात. त्यांच्या आवाजात दोष होते. तारस्वर कधी बोचत, कधी कापत, आणि मंद्र व मध्य स्वरांमधील सांधा ऐकू येई. केवळ आवाजाचे सौंदर्य मोजणाऱ्याला रेनाटा तेबाल्दी यांचा मऊ, भरदार तोस्का अधिक भावेल, आणि त्या आवडीत चूक काही नाही. परंतु भूमिका म्हणून पाहिले तर कॅलास यांच्यापाशी शब्द आणि स्वर यांच्यात फट राहत नाही.

'तोस्का'च्या मुद्रणाच्याच वर्षी दे साबाता यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांची संचालनाची कारकीर्द जवळजवळ थांबली. व्यावसायिक मुद्रणासाठी त्यांनी संचालित केलेला संपूर्ण ऑपेरा हा एकच. १९५३ चे हे मुद्रण एकमार्गी ध्वनीचे आहे. पुढे स्टिरिओ आल्यावर निर्मात्यांनी ध्वनीचाच रंगमंच उभारला. १९६२ मध्ये जॉन कलशॉ यांनी व्हिएन्नात हर्बर्ट फॉन कारायान आणि लिओंटाइन प्राइस यांच्यासह 'तोस्का' मुद्रित केला; त्यातील संथ, विस्तीर्ण लय आणि वाद्यवृंदाची झळाळी ही नव्या तंत्राचीही देणगी होती. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी १९७२ मध्ये लंडनमध्ये मुद्रित केलेल्या 'तुरांदोत'ने या तंत्राचा आणखी एक परिणाम दाखवला : राजकन्येची भूमिका करणाऱ्या जोन सदरलँड यांनी ती रंगमंचावर कधीच केली नाही, तरी ध्वनिमुद्रणात ती आदर्श मानली गेली. मोठ्या वाद्यवृंदावर रोज रात्री मात करण्याची ताकद आणि मायक्रोफोनसमोर साधलेली पूर्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षकाने त्या वेगळ्याच मोजायला हव्यात.

या इतिहासातून पारखीची एक न्याय्य रीत पुढे येते. आधी मुद्रणाचे साल आणि तंत्र पाहावे, म्हणजे यंत्राचा दोष कलावंताच्या नावावर जमा होत नाही. मग गायकाकडे स्वर, श्वास आणि शब्द यांचा हिशेब मागावा. आणि शेवटी संचालकाच्या लयीने गायकाला आधार दिला की त्याची फरफट केली, हे तपासावे. गायकाला वेगळे आणि संचालकाला वेगळे गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची सवय सोयीची असली, तरी ऑपेराच्या बाबतीत ती अपुरी आहे. १९५३ चा 'तोस्का' आजही अग्रस्थानी गणला जातो, कारण त्यात गायन आणि संचालन एकाच नाट्याची दोन अंगे म्हणून उभी आहेत.