पॉलिशपेपरविना जुन्या फर्निचरला नवा रंग

महालक्ष्म्या किंवा दसरा जवळ आला, की नांदेड-लातूरच्या जुन्या घरांतून रंगकामाची लगबग सुरू होते. सागवानी कपाट, देव्हारा, दाराच्या चौकटी, लोखंडी पलंग यांना नवा रंग द्यायचा, तर आधी पॉलिशपेपरने खरडून घासायचे, ही रंगाऱ्यांची रूढ पद्धत. जुन्या रंगाच्या बाबतीत मात्र ती धोक्याची ठरू शकते.

पूर्वीच्या अनेक ऑइलपेंटमध्ये शिशाची संयुगे असत. लोखंडावर तर लाल शिशाचे, म्हणजे शेंदराचे अस्तर दिले जाई. घरगुती रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासल्यास उडणारी धूळ श्वासावाटे आणि रांगत्या मुलांच्या हातांवाटे शरीरात जाते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते आणि त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही.

घासण्यामागचे हेतू दोनच असतात. मळ व तेलकटपणा काढणे हा एक, गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाला पकड देणे हा दुसरा. पहिले काम धुण्याने होते, दुसरे योग्य प्रायमरने.

एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून, हातमोजे घालून फडक्याने वस्तू पुसावी. स्वयंपाकघरातील कपाटांवरचा फोडणीचा चिकट थर यानेच निघतो. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसणे अगत्याचे. सोड्याचा अंश राहिल्यास रंग धरत नाही. पाणी ओतण्याची गरज नाही, पिळलेले फडके पुरते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात हा हिशेब सांगावा लागू नये.

उघड्या सागवानावर मात्र सोडा वापरू नये, लाकूड काळवंडते. किनवट-माहूरच्या जंगलांमुळे नांदेडकरांना सागवान नवे नाही, पण त्याच्या अंगच्या तेलामुळे ऑइलपेंट नीट वाळत नाही, हे अनेकदा विसरले जाते. असे लाकूड थिनरने पुसून लगेच प्रायमर लावावा. त्या वेळी खिडक्या उघड्या आणि देवघरातील दिवा विझलेला हवा.

चकचकीत ऑइलपेंट, पॉलिश वा सनमायका असल्यास बाँडिंग प्रायमर घ्यावा. मेण काढलेल्या चपड्याचे अस्तरही चालते. जुने डाग वर येणे त्याने थांबते. आधी एका कोपऱ्यावर लावून दिवसभर वाळू द्यावे, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर अस्तर निघाले, तर पुन्हा धुणे आले. त्यानंतर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिल्यास वरची साय धरते आणि आत रंग ओला राहतो.

मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना रंग ब्रशवरच आटतो. काम सकाळी, सावलीत उरकावे. भाद्रपदात उलट अडचण असते, तेव्हा दोन हातांत अधिक अंतर ठेवावे. हाताला वाळलेला वाटणारा रंग पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर कपाटात भांडी रचू नयेत.

पोपडे सुटलेल्या रंगाला मात्र ही पद्धत लागू नाही. ते काढावेच लागतात, पण पाणी शिंपडून, ओल्यानेच खरवडावेत. लोखंडाचा गंजही काढूनच अस्तर द्यावे. चुन्याच्या भिंतीवर हात फिरवून पांढरी भुकटी लागली, तर थेट डिस्टेंपर देणे व्यर्थ; सुटा चुना ओल्या फडक्याने उतरवून घ्यावा. खाली वर्तमानपत्रे पसरून सारी खरवड त्यांतच गुंडाळावी आणि पिशवीत बंद करावी. अंगणात किंवा तुळशीच्या मातीत ती झटकू नये.