निरोप्याचा निरोप्या

अंधारात पायाखाली काहीतरी वळवळल्यासारखे वाटले की आपण दचकतो. छाती धडधडू लागते, घाम फुटतो आणि दोन उड्यांत आपण उंबऱ्याच्या आत येतो. दिवा लावून पाहावे, तर दोरी! पण तेवढ्या क्षणात शरीरात केवढी धावपळ होऊन गेलेली असते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरते, यकृतापर्यंत पोहोचते आणि यकृत आपल्या कोठारातली साखर रक्तात सोडते. पळायला इंधन हवे ना!

अ‍ॅड्रेनालिन विसाव्या शतकाच्या आरंभीच शास्त्रज्ञांच्या हाती आले होते. इन्शुलिन १९२१ साली सापडले. ही संप्रेरके म्हणजे शरीराचे निरोपे, हेही समजले होते. पण निरोप्या दाराशी आल्यावर घरात नेमके काय घडते? तो आत जातो की बाहेरूनच हाक मारतो? १९५० पर्यंत याचे उत्तर कुणापाशी नव्हते. संप्रेरके अखंड, जिवंत पेशीवरच काम करतात, पेशी फोडली की खेळ संपला, असा सर्वसाधारण समज होता.

हा समज खोटा ठरवला अर्ल सदरलँड यांनी. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका लहान गावात १९१५ साली जन्मलेले सदरलँड डॉक्टर झाले, दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करात काम केले आणि परतल्यावर सेंट लुईस येथे कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या प्रयोगशाळेत रमले. १९५३ मध्ये ते क्लीव्हलँडला गेले. तेथे थिओडोर रॉल यांच्यासह त्यांनी यकृताच्या पेशी फोडून त्यांचा लगदा केला आणि त्यात अ‍ॅड्रेनालिन घातले. साखरेचे कोठार उघडणारे विकर जागे झाले! म्हणजे अखंड पेशीची गरज नव्हती.

मग त्यांनी तो लगदा यंत्रात गरगर फिरवला. पेशींच्या आवरणांचा गाळ तळाशी बसला, वर नितळ पाणी राहिले. नुसत्या नितळ पाण्यात अ‍ॅड्रेनालिन घातले, तर काहीच होईना. गाळ परत मिसळला की काम सुरू. आता खरी गंमत पाहा. त्यांनी गाळ आणि अ‍ॅड्रेनालिन वेगळे एकत्र ठेवले, नंतर ते मिश्रण उकळले आणि त्यातला अर्क त्या नितळ पाण्यात टाकला. विकर जागे झाले! उकळल्यावर प्रथिने नासतात. तेव्हा हा पदार्थ प्रथिन नव्हता. तो काहीतरी अगदी लहान, उष्णतेला दाद न देणारा रेणू होता. अ‍ॅड्रेनालिन दारावर थाप मारते आणि घरातला हा पोऱ्या आत धावत जाऊन वर्दी देतो. निरोप्याचा निरोप्या म्हणतात तो हा. शोधनिबंध प्रसिद्ध झाला १९५७ मध्ये.

पण हा पोऱ्या कोण? सदरलँड यांनी लिऑन हेपेल या शास्त्रज्ञांना पत्र लिहून त्याच्या तपासणीसाठी मदत मागितली. त्याच सुमारास सेंट लुईसच्या डेव्हिड लिपकिन यांचेही हेपेल यांना पत्र आले होते. एटीपी या रेणूवर रासायनिक क्रिया करताना त्यांना एक अनोळखी पदार्थ मिळाला होता. हेपेल यांनी दोन्ही पत्रे वाचली आणि त्यांच्या ध्यानात आले की, दोघे एकाच पदार्थाविषयी लिहीत आहेत. तो पदार्थ म्हणजे सायक्लिक एएमपी. विज्ञानात टेबलावरच्या पत्रांनाही कधी कधी असे मोल येते.

शंका घेणारे पुष्कळ होते. यकृतात साखर सोडायची, हृदयाचे ठोके वाढवायचे, ही निरनिराळी कामे एकच रेणू कशी करील? उत्तर असे की, वर्दी एकच असली तरी ऐकणाऱ्या घरातली माणसे वेगळी असतात. शाळेची घंटा वाजली की मुले पळतात, शिक्षक खडू खाली ठेवतात आणि शिपाई फाटक उघडतो. १९६५ मध्ये हा रेणू जिवाणूंमध्येही सापडला. १९७१ चे नोबेल पारितोषिक सदरलँड यांना एकट्याला मिळाले. तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, ते वारले.

आता या कथेचा दुसरा धागा, आपल्या देशातला. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात ओळखला. हा जंतू विष सोडत असावा असा त्यांचा तर्क होता, पण पाऊणशे वर्षे ते कुणाला सिद्ध करता आले नाही. १९५९ मध्ये कोलकात्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेले द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वळशात सोडले. वळसा पाण्याने टच्च फुगला. जंतू नसतानाही! विष सिद्ध झाले.

हे विष करते काय, ते पुढच्या काळात उलगडले. आतड्याच्या पेशीत सायक्लिक एएमपी तयार करणारे बटण ते चालू स्थितीतच अडकवून ठेवते. पोऱ्या अखंड वर्दी देत राहतो आणि पेशी क्षार व पाणी बाहेर ओतत राहतात. रोग्याच्या अंगातून तासाला लिटरभरसुद्धा पाणी जाऊ शकते. माणूस काही तासांत दगावतो.

सुदैवाने आतड्यात साखरेबरोबर मीठ आत घेणारे एक दार आहे आणि या गोंधळात ते शाबूत राहते. साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आत जातात, पाणी त्यांच्या मागे. जलसंजीवनीचे मर्म हेच. सायक्लिक एएमपी कळला म्हणून जलसंजीवनी सापडली, असे मात्र नाही. ते ज्ञान वेगळ्या वाटेने आले. १९६८ मध्ये ढाक्यात रोग्यांवर तिचा उपयोग दिसून आला. आणि १९७१ मध्ये, सदरलँड यांना नोबेल मिळाले त्याच वर्षी, बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून नातेवाइकांकरवीच रोग्यांना पाजले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले.

डॉ. डे १९८५ मध्ये वारले. हयातीत आपल्या देशाने त्यांना कोणताही मोठा सन्मान दिला नाही. डॉ. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. क्लीव्हलँडला यकृताच्या लगद्यात एक माणूस साखरेचे कोडे सोडवत होता, कोलकात्यात दुसरा सशाच्या आतड्याकडे पाहत होता. दोघांच्या वाटा एकाच लहानशा रेणूपाशी येऊन मिळाल्या. घरात कुणाला जुलाब लागले आणि आपण लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ ढवळू लागलो, की या माणसांची आठवण ठेवावी. आणि मोजमाप मात्र चुकवू नये.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)