चोक ओढायची गाडी

रोज मी इलेक्ट्रिक गाडी चालवतो. बटण दाबलं की निघाली. पण रविवारी पाय वळतात बाबांच्या पद्मिनीकडे. मुळात ही इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियरने १९६४ पासून ‘डिलाइट’ म्हणून बनवली, पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकातलं. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टीअरिंगपाशी. थंडीत चोक ओढायचा: हवा कमी, पेट्रोल जास्त, मग इंजिन खोकत खोकत जागं होतं. चोक परत कधी ढकलायचा, ते मात्र कानांनीच ठरवायचं. हीच तर मजा!

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली. खासगी जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. आमची तारीख जवळ आलीय, आणि बाबा आत्तापासूनच कार्बोरेटर उघडून बसलेत.