वास्तू आणि विश्वास : पुण्यातील स्त्रियांच्या निवासी संस्थांची घरे (१८८४–१९०९)

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती होय. पेशवाईत तिच्याभोवती पेठांमागून पेठा वसत गेल्या. तथापि पुणेकराच्या मनात रुजलेली घराची कल्पना समजून घ्यावयाची असेल, तर या पेठेतील जुन्या वाड्यांकडेच वळावे लागते. शनिवारवाड्यालगतचा पुरंदरे वाडा हे त्यांतील सरदारी उदाहरण. सामान्य गृहस्थाचा वाडा लहान असे, परंतु रचनेचे तत्त्व तेच. रस्त्याकडे जाड भिंत, मोठा दरवाजा व त्यातील दिंडी, आत देवडी, मग चौक व ओसरी, त्यापलीकडे माजघर, स्वयंपाकघर, देवघर, आणि मागील बाजूस विहीर. कोणी कोठवर यावे हे या रचनेत ठरलेले असे. परका ओसरीवर थांबे, आप्त माजघरापर्यंत येई, स्वयंपाकघरात व देवघरात सोवळ्याखेरीज प्रवेश नसे. घरातील स्त्रियांची अब्रू लोकांच्या दृष्टीने या क्रमाशी बांधलेली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुली व विधवा यांनी संस्थेत राहून शिकावे, असा आग्रह सुधारक धरू लागले. तेव्हा काय शिकविणार, याच्या बरोबरीने कोठे ठेवणार, हाही प्रश्न पालकांपुढे उभा राहिला. या संस्थांकडे समाज ओढला गेला किंवा त्यांच्यापासून दूर राहिला, त्यात त्यांच्या वास्तूंचा वाटा किती, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

तुलनेसाठी त्याच काळातील अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथील विद्यापीठांत विद्यार्थिनींचे भगिनीसंघ स्थापन झाले होते. त्यांना लावला जाणारा ‘सोरॉरिटी’ हा शब्द भगिनीवाचक लॅटिन ‘सोरॉर’वरून आलेला असून, सिरॅक्यूज येथील लॅटिनचे अध्यापक फ्रँक स्मॉली यांनी तो १८८२ मध्ये गॅमा फाय बीटा या संघासाठी सुचविला. त्याच गावी अल्फा फाय या संघाने १८८६ मध्ये स्वतःचे घर बांधले. पुढे असे घर हे संघाच्या प्रतिष्ठेचे चिन्ह बनले; त्याची दर्शनी बाजू व दिवाणखाना पाहून नवी विद्यार्थिनी आपले मत बनवू लागली. पुण्यातील स्थिती मुळातच निराळी होती. येथे निवड बहुधा मुलीची नसून तिच्या बापाची, भावाची किंवा सासऱ्याची असे. घराने मोहविण्यापेक्षा निर्धास्त करावे, ही अपेक्षा होती.

२९ सप्टेंबर १८८४ रोजी न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर प्रभृतींच्या प्रयत्नाने मुलींचे हायस्कूल निघाले. पेशव्यांच्या खाशा पागेच्या जागेवर ते स्थिरावल्यावर लोकांनी त्याचे इंग्रजी नाव बाजूस ठेवले व ‘हुजूरपागा’ हेच नाव चालविले. नव्या शिक्षणास जुन्या, ओळखीच्या जागेचे नाव मिळाले, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. परकी वाटणारी संस्था त्यामुळे शहराच्या नित्याच्या बोलण्यात सामावली गेली.

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले हे सदन १८९० मध्ये पुण्यास आले. त्याचा बंगला पेठांबाहेर, बागेच्या आवारात होता. केशवपन झालेल्या, माजघराच्या अंधारात दिवस कंठणाऱ्या बालविधवेला तेथे उजेड व मोकळी हवा मिळाली. रमाबाईंनी जेवणाखाण्यात जातीचे नियम पाळण्याची मुभा ठेवली होती, आणि धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील असेही आश्वासन होते. म्हणजे वाड्यातील स्वयंपाकघराची मर्यादा बंगल्यात राखली गेली. प्रश्न उभा राहिला तो देवघराचा. रमाबाई स्वतःच्या खोलीत ख्रिस्ती प्रार्थना करीत व दार उघडे ठेवीत. ज्या मुलींना वाटे त्या आत जाऊन बसत. आपण कोणास बोलावीत नाही, पण दारही लावणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. विरोधकांच्या मते उघडे दार हेच आमंत्रण होते. ‘केसरी’तून कडक टीका झाली, १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. वादाचे मूळ धर्मांतराच्या भीतीत होते हे उघड आहे; परंतु ती भीती एका दाराभोवती केंद्रित झाली, हे ध्यानात घेतले पाहिजे. वाड्यात देवघर साऱ्या कुटुंबाचे असे. अधिष्ठात्रीची खासगी खोली व सामुदायिक उपासनेची जागा यांतील भेद त्या वेळच्या पालकास ओळखीचा नव्हता.

याच सदनातील एक विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा शारदा सदनाचा अनुभव त्यांच्यासमोर होता. शहरातील प्लेग व लोकांचा विरोध यांमुळे १९०० मध्ये आश्रम हिंगणे येथे, रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवरील एका झोपडीत गेला. गाव सुमारे चार मैल दूर, रस्ता चिखलाचा. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून सामान घेऊन तेथे पायी जात. वास्तू म्हणून त्या झोपडीत आकर्षक असे काहीच नव्हते. तिचा साधेपणा मात्र ‘आश्रम’ या शब्दाच्या जुन्या अर्थाशी जुळणारा होता, आणि विधवेच्या व्रतस्थ जीवनाच्या रूढ कल्पनेला तो धक्का देत नव्हता. स्वतः पुनर्विवाहित असूनही कर्व्यांनी पुनर्विवाहाची चळवळ आश्रमाबाहेर ठेवली. घराचा साधेपणा व धोरणातील ही सावधगिरी एकमेकांस पूरक ठरली.

२ ऑक्टोबर १९०९ रोजी सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने तिसरा मार्ग धरला. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी रानड्यांच्या वाड्यातच काम आरंभिले. तेथे जाणे म्हणजे एका मान्यवर कुटुंबाच्या घरी जाणे होते. दिंडी, चौक, ओसरी सारे परिचयाचे. पुढे ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासारखे त्या काळी धाडसाचे पाऊलही स्त्रिया या संस्थेमार्फत टाकू शकल्या. जुन्या उंबरठ्याच्या आधाराने नव्या व्यवसायाकडे जाता आले.

केवळ वास्तूवरून संस्थेचे यशापयश ठरते, असे यावरून म्हणता येणार नाही. शारदा सदनातून निघालेले कार्य केडगावच्या मुक्तिसदनात विस्तारले, आणि हिंगण्याच्या झोपडीसही दीर्घकाळ लोकनिंदा सोसावी लागली. तथापि पालक संस्थेची परीक्षा तिच्या घोषित हेतूंवरून जितकी करीत, तितकीच तिच्या दारावरून, चुलीवरून व देवघरावरून करीत, हे स्पष्ट दिसते. संस्थांनी ‘सदन’, ‘आश्रम’ अशी नावे पत्करली, त्यांतही हीच जाणीव आहे. या नावांत शिक्षणाचा उच्चार नाही, निवाऱ्याचा आहे.

कसबा पेठेतील अनेक वाडे आज पाडले गेले आहेत. हिंगण्याची झोपडी मात्र जपून ठेवलेली आहे. स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिताना भाषणे व अहवाल यांच्याबरोबर अशा घरांचे नकाशेही अभ्यासकाने तपासले पाहिजेत. त्या मुलींपैकी बहुतेकींचे लेखी शब्द मागे उरलेले नाहीत. त्या ज्या घरांतून निघाल्या व ज्या घरांत पोहोचल्या, त्या घरांची रचना हाच पुष्कळदा त्यांच्या आयुष्याचा उरलेला पुरावा होय.