केळझरच्या काउंटरवरचं मुरमांचं मलम

नागपूर-वर्धा रस्त्यावर, सिद्धिविनायकाच्या टेकडीमुळे ओळखल्या जाणाऱ्या आमच्या केळझरात माझं औषधाचं दुकान आहे. कॉलेजातली मुलंमुली इतर गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतात आणि हळूच विचारतात, "काका, मुरमांवर काही आहे का?"

आधीच्या पिढ्यांकडे याचं घरगुती उत्तर होतं. काटेसावरीचे काटे दुधात उगाळून लावत. हा उपाय आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही आहे. जोडीला हळद, बेसन, कडुलिंब असायचंच.

आज माझ्या काउंटरवर असलेलं मलम, ट्रेटिनॉइन, मात्र आलं ते फार दुरून. हे 'अ' जीवनसत्त्वाचं आम्लरूप. केसाच्या मुळाशी मृत पेशी चिकटून छिद्र बुजतं, तिथंच मुरूम सुरू होतो. हे औषध ते बुजणंच रोखतं. अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी सहकाऱ्यांसह १९६९ साली त्याचा मुरमांवरचा गुण मांडला. १९७१ मध्ये अमेरिकेत ट्रेटिनॉइनला मान्यता मिळाली. पुढे १९९६ मध्ये तिथं त्याच जातीचं अ‍ॅडापलीन आलं. ते त्वचेला कमी झोंबतं.

या शोधाची किंमत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांनीही मोजली. क्लिगमन यांनी तिथं वर्षानुवर्षं त्वचेवर प्रयोग केले. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय होते आणि आपल्यावर काय लावलं जातंय याची पुरती कल्पना त्यांना दिली जात नव्हती. फिलाडेल्फिया शहरानं माफी मागितली ती २०२२ साली. हे मी विसरू शकत नाही.

क्लिगमन यांनीच १९७५ मध्ये काळ्या डागांसाठी ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण सुचवलं होतं. आपल्याकडे अशा तिहेरी मिश्रणाच्या ट्यूबा गोरं होण्यासाठी, मुरमांसाठी, कशाहीसाठी खपू लागल्या. स्टेरॉइडनं चार दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून एक मैत्रीण दुसरीला नाव सांगते. महिने गेले की कातडी पातळ होते, उन्हात आग होते, मुरूम दुप्पट येतात. असे लालबुंद चेहरे माझ्या काउंटरसमोर उभे राहिलेले मी पाहिले आहेत. २०१८ मध्ये सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती आणली, ती याच अनुभवातून.

म्हणून मी आधी चिठ्ठी मागतो, मग ट्यूब देतो आणि समजावून सांगतो: रात्रीच लावायचं, कारण ट्रेटिनॉइन उजेडात निकामी होतं. साऱ्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरे. सुरुवातीला सालं निघतील, घाबरू नको. वैदर्भी उन्हात चेहरा झाकून जा. तीन महिने धीर धर. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर लावू नको, डॉक्टरांना विचार.

ट्यूब गावोगाव पोचली, पण तिच्यासोबत यायला हवी होती ती समज वाटेतच राहिली. ती समज पोचवणं हा औषधविक्रीचाच भाग आहे, आणि तिच्याशिवाय विकलेली ट्यूब मी अर्धवट विक्री मानतो.