कोनाईचा पंजा आणि आपला चेहरा

 

गेल्या महिन्यात माझ्या फोनच्या गॅलरीने मला एक प्रश्न विचारला. शेजारी शेजारी दोन फोटो. एकात माझी आजी, दुसऱ्यात आत्या. खाली प्रश्न: ही एकच व्यक्ती आहे का? मी 'नाही' दाबलं. लगेच दुसरी जोडी आली, मग तिसरी. पाच मिनिटांत मी वीसेक जोड्या संपवल्या. खेळल्यासारखं वाटलं. फोन खाली ठेवल्यावर लक्षात आलं, की मी अख्ख्या घराचे चेहरे एका यंत्राला शिकवून मोकळी झाले होते, आणि घरातल्या कुणालाही विचारलं नव्हतं.

आजीला तर नाहीच. तिला लिहिता येत नव्हतं, ती अंगठा उठवायची. पण शाईच्या पॅडला बोट लावण्याआधी ठरलेलं वाक्य: "आधी वाचून दाखव, कशावर उठवतेय ते." हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आजची गोष्ट त्या अंगठ्यापासूनच सुरू होते.

साल १८५८. बंगालमधलं जंगीपूर. सत्तावनचा उठाव नुकताच होऊन गेलेला, आणि इंग्रज अधिकाऱ्यांचा इथल्या लोकांवर काडीचा विश्वास उरलेला नाही. विल्यम हर्शेल नावाचा तरुण अधिकारी रस्त्याच्या कामासाठी खडीचा करार करतोय. समोर कंत्राटदार, राज्यधर कोनाई. करार तयार आहे, फक्त सही बाकी. तेवढ्यात हर्शेलला काय सुचतं, तर ऑफिसच्या शिक्क्याची शाई तो कोनाईच्या तळहाताला फासतो आणि कागदाच्या पाठीवर त्याचा पंजा उमटवतो.

कशासाठी? शास्त्र वगैरे काही नव्हतं. हर्शेलने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय, की उद्या 'ही सही माझी नाहीच' असं म्हणायची कोनाईची हिंमत होऊ नये, म्हणून थोडी भीती घालायची होती. बास.

पण हर्शेलला त्या ठशांचा नाद लागला. तो वर्षानुवर्षं ठसे जमवत राहिला आणि त्याला दिसलं, की माणूस म्हातारा झाला तरी बोटांवरच्या रेषा तशाच राहतात. १८७७ मध्ये तो हुगळीला मॅजिस्ट्रेट होता. तिथे त्याने ठसे घ्यायला सुरुवात केली पेन्शनसाठी, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत. मग जमिनीच्या दस्तनोंदणीसाठी. आणि तुरुंगातल्या कैद्यांसाठीही.

इथे जरा थांबूया. शाई तीच, बोटं तशीच, पण पेन्शनर आणि कैदी आता एकाच पद्धतीने ओळखले जायला लागले. हे कुणी कट करून केलं नव्हतं. एक सोय झाली, ती दुसऱ्या कामाला बरी पडली, एवढंच.

पुढची पायरी कलकत्ता. हजारो ठसे जमले, पण त्यातून हवा तो शोधायचा कसा? आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा होता, सर्च नव्हतं. हा गुंता सोडवण्यात मोठा वाटा दोन भारतीयांचा: अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस. ठशांच्या आकारांवरून वर्गीकरण करायची त्यांची पद्धत इतकी चालली, की १८९७ मध्ये कलकत्त्यात फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झाला आणि १९०१ मध्ये तीच पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने उचलली. नाव मात्र साहेबाचं लागलं, 'हेन्री सिस्टीम'. असो.

सर्च आल्यावर काय होतं, ते आपल्याकडे फार वाईट रीतीने दिसलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला. त्यात अख्ख्या जमाती जन्मतःच 'गुन्हेगार' ठरवल्या गेल्या. १९११ च्या सुधारित कायद्याने यादीतल्या माणसांच्या बोटांचे ठसे घ्यायची मुभा दिली. चोरी केली म्हणून नाही हं, त्या जमातीत जन्मला म्हणून! आपल्याकडचे पारधी, कैकाडी, कंजारभाट असे कितीतरी समाज यात भरडले गेले. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट याच व्यवस्थेतली. हजेरी, परवाना, पहारा. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि हे समाज 'विमुक्त' झाले. पण कागद गेला तरी शिक्का गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलं असेल, तर मी काय म्हणतेय ते कळेल.

जंगीपूरच्या एका करारातल्या पंज्यापासून इथपर्यंत, अवघ्या काही दशकांत.

आता चेहऱ्याकडे येऊ. २०१०-११ च्या सुमारास फेसबुकवर 'टॅग सजेशन' आलं. फोटो टाकला की कोण कोण आहे ते तेच सुचवायचं. त्याला ते जमलं कसं? आपणच मित्रांना हौसेने टॅग करत होतो. प्रत्येक टॅग म्हणजे एक धडा. आपण बिनपगारी मास्तर!

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मात्र २००८ पासून एक कायदा होता: चेहऱ्याचं माप घ्यायचं तर आधी सांगा आणि लेखी संमती घ्या. त्यावरून लोक कोर्टात गेले आणि फेसबुकला ६५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने ही सोय बंद करत असल्याचं आणि शंभर कोटींहून जास्त लोकांच्या चेहऱ्यांची मापं पुसणार असल्याचं जाहीर केलं.

मग प्रश्न मिटला? नाही ना! कारण मापं पुसली तरी फोटो जागेवरच होते. २०२० च्या जानेवारीत जगाला क्लिअरव्ह्यू एआय नावाची कंपनी कळली. तिने सोशल मीडियावरून आणि इतर साइट्सवरून तीनशे कोटी फोटो परस्पर उचलून पोलिसांसाठी चेहरे शोधायचं यंत्र बनवल्याचं उघड झालं. वाढदिवसाचा फोटो टाकणाऱ्याने तो पोलिसांच्या ओळखपरेडसाठी टाकला नव्हता. पण पेन्शनसाठी बोट पुढे करणाऱ्या हुगळीच्या म्हाताऱ्याला तरी पुढचं काय माहीत होतं?

आणि आपल्याकडे? २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. त्याचा गाभा चांगला आहे: ज्या कामासाठी संमती घेतली, त्याच कामासाठी डेटा वापरा. पण त्यात एक दार उघडं आहे. जी माहिती तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केलीत, तिला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे पब्लिक अकाउंटवरचा तुमचा सेल्फी या कुंपणाच्या बाहेर. दुसरीकडे २०२२ च्या एका कायद्याने अटक झालेल्यांच्या बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळंही नोंदवायची सोय केली, आणि त्या नोंदी ७५ वर्षं ठेवायची.

मी काही 'फोन फेकून द्या' म्हणणार नाही. मी स्वतः फेकलेला नाही. गुन्हेगार सापडावा, पेन्शन खऱ्या माणसाला मिळावी, हे मलाही हवंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की आपली ओळख एकदा दुसऱ्याच्या वहीत गेली, की पुढची कामं वहीचा मालक ठरवतो. आणि बोटाला निदान शाई लागायची, ठसा दिला हे कळायचं तरी. चेहरा दिलेला कळतही नाही. पासवर्ड बदलता येतो, चेहरा कुठून बदलणार?

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. अकाउंट प्रायव्हेट केलं, आणि फोनमधली चेहरे ओळखण्याची सोय बंद केली. मग आत्याला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग आधी विचारायचंस की!"

तेच तर. आजी अंगठेबहाद्दर होती, पण ती कागद वाचून घेतल्याशिवाय बोट पुढे करत नव्हती. आपण शिकलेसवरलेले, आणि 'आय ॲग्री' न वाचता दाबतो. पुढच्या वेळी एखादं ॲप चेहरा मागेल, तेव्हा आजीचं वाक्य आठवा: आधी वाचून दाखव, कशावर उठवतेय ते. उत्तर नीट मिळालं नाही, तर अंगठा दाखवायचा!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.